पेढ्याची साखर

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांना पडला तेव्हा त्यांनी निदान रीतसर सभा तरी भरवली होती. मांजराच्या मानेत सुई कोणी टोचायची, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला तेव्हा सभेला कोरमसुद्धा जमेना. सौ.ला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. एरवी क्लासला दांडी मारण्यात पटाईत असलेल्या कन्येला त्या दिवशी क्लासला उशीर होऊ लागला. आईचा हात कापतो, म्हणून तिला आम्हीच सूट दिली होती. उरलो मी. बी. कॉम., सेकंड क्लास, बँकेत कारकून. उभ्या आयुष्यात टोचलेली एकमेव वस्तू म्हणजे व्हाउचरला टाचणी.

तर आमच्या बोक्याला मधुमेह आहे. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी तीन गोष्टी ठरलेल्या क्रमानं केल्या. आधी ते हसले. मग त्यांनी खर्च विचारला. आणि खर्चाचा आकडा ऐकल्यावर त्यांच्या अंगात एकदम समाजसेवक संचारला. "अहो, इथे माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला इन्सुलिन देता?"

हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. खर्च विचारण्याबद्दलही नाही. बँकेतल्या माणसाला आकडा विचारण्यात गैर ते काय? पण तिसऱ्या पायरीवरच्या मंडळींशी मला चार शब्द बोलायचे आहेत. गाडीत बोलायला सुरुवात केली की घाटकोपर येतं आणि मंडळी उतरतात. म्हणून लिहून काढतो.

बोक्याचं नाव पेढ्या. सात वर्षांपूर्वी मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भर पावसात, सेक्रेटरींच्या स्कूटरखाली तो कन्येला सापडला. रंग थेट केशरी पेढ्याचा, म्हणून पेढ्या. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे माहीत असतं तर आम्ही त्याचं नाव कारल्या ठेवलं असतं.

आता मांजर हा प्राणी मुळात काय करतो? उंदीर मारतो, पाली मारतो, गच्चीवरून गच्चीवर उड्या मारतो, रात्रभर भांडतो आणि पहाटे कान फाडून घेऊन घरी येतो. आम्ही त्याला मध्यमवर्गीय केला. त्याचं ऑपरेशन करून घेतलं. ते योग्यच होतं. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या आत त्याला कोंडला. सकाळी सगळे कामाला जाणार, म्हणून कोरड्या खाण्याचा वाडगा काठोकाठ भरून ठेवू लागलो. संध्याकाळी चहाबरोबर ग्लुकोजचं बिस्किट. अर्धं मला, अर्धं त्याला. पेढ्या दिवसभर खिडकीत बसून कबुतरांकडे बघत असे, मी दिवसभर खिडकीत बसून खातेदारांकडे बघत असे. दोघांची पोटं एकाच वेगानं वाढली. येणारे-जाणारे त्याचं कौतुक करत, "काय गुटगुटीत आहे हो!" माझ्या पोटाबद्दल तसं कोणी बोललं नाही, पण ते असो.

यातली गंमत पुढेच आहे. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. गोड ओळखायला जे जनुक लागतं ते मांजरात निकामी झालेलं आहे, असं २००५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. म्हणजे ज्या जिवाला गोड म्हणजे काय हे जन्मात कळलं नाही, त्याच्या नशिबी मधुमेह! व्याज मिळालंच नाही आणि टीडीएस मात्र कापला गेला, अशातला प्रकार.

गेल्या दिवाळीनंतर पेढ्या बादलीतलं पाणी पिऊ लागला. खाणं दुप्पट झालं आणि अंग निम्मं. चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवू लागला, स्लिपर घासत चालणाऱ्या पेन्शनरासारखा. आम्ही म्हटलं, वय झालं. आई मात्र त्याच्या वाळूच्या ट्रेपाशी गेली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि म्हणाली, "मुंग्या लागल्यात. ह्याला साखर आहे."

आपल्या जुन्या वैद्यांनीही मधुमेह असाच ओळखला होता. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी टिपून ठेवलं आहे. आईनं कुठलीही संहिता वाचलेली नाही. तिला हे कसं ठाऊक, ते पुढे येईलच.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर ३८६. "पण या एका आकड्यावर जायचं नाही," ते म्हणाले. "मांजर घाबरलं की नुसत्या धास्तीनंही त्याची साखर चढते." मला हे लगेच पटलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की माझंही रक्त तपासण्यासारखं असतं. मग लघवीतही साखर सापडली, आणखी एक तपासणी झाली आणि निदान पक्कं ठरलं. लठ्ठपणा, बैठं आयुष्य, मध्यम वय, नर आणि झालेलं ऑपरेशन: डॉक्टरांनी धोक्याची यादी वाचून दाखवली. शेवटचं कलम सोडलं तर ते माझंच वर्णन होतं.

उपचार ऐका. दर बारा तासांनी एक युनिट इन्सुलिन, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून. कोरडं खाणं आणि बिस्किट बंद. मांस-मासळीचं ओलं खाणं. अधूनमधून घरीच साखर मोजायची: कानाच्या कडेला बारीक टोचायचं, मोहरीएवढा थेंब काढायचा, तो माणसांच्याच मशीनच्या पट्टीवर घ्यायचा. लवकर सुरुवात केली तर काही मांजरांची साखर पुढे इन्सुलिनशिवायही ताब्यात राहते. मात्र वेळ पाळायची. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात.

बारा तास! डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे, त्यांना काय जातं म्हणायला? मी मुलुंडला राहतो आणि अंधेरीला नोकरी करतो. म्हणजे सकाळी लोकलनं घाटकोपर, जिना चढून मेट्रो आणि मेट्रोनं अंधेरी. ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. त्याआधी साकीनाक्याला बसमध्ये उभे असताना माणसाचं एक इन्क्रिमेंट लागून जायचं. आता प्रवास कमी झाला, पण म्हणून संध्याकाळचे साडेसात हातात आले असं नाही. उपनगरात संध्याकाळची साडेसात ही घड्याळातली वेळ नसते, ती मनातली इच्छा असते. कॅश जुळायला हवी, साहेब निघायला हवेत, मेट्रोच्या डब्यात शिरता यायला हवं, घाटकोपरचा पूल उतरता यायला हवा आणि लोकलच्या दारात उभ्या असलेल्या मंडळींना आत सरकण्याची बुद्धी व्हायला हवी. सौ. ठाण्याला नोकरी करते, ती आठशिवाय पोचत नाही. या शहराचं सगळं वेळापत्रक एक गोष्ट गृहीत धरून आखलेलं आहे: तुमच्या घरी कोणी आजारी नाही. आणि असलंच, तर त्याच्या उशाशी एक बाई बसलेली आहे.

सुरुवातीला मी एक दिवस रजा मागितली. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं. साहेबांनी आपुलकीनं विचारलं, "कोण आजारी आहे?" मी म्हटलं, "घरातला धाकटा." "काय झालंय?" "मधुमेह." साहेबांचा चेहरा कळवळला. "अरेरे, एवढ्या लहान वयात? किती वर्षांचा?" "सात." त्यांनी सही केली, आणि वर स्वतःच्या मेहुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबरही दिला. मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. पण बाहेर आल्यावर मला वाटलं, हा धाकटा चार पायांचा आहे, एवढ्या एका माहितीनं त्या चेहऱ्यावरचा कळवळा पुसला गेला असता. दुखणं तेच, सुई तीच, औषध तेच.

औषध तेच, याचा धोकाही तोच. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एकाच्या एका मिलीत ४० युनिटं, त्याची सिरिंज लाल टोपीची. दुसऱ्याच्या एका मिलीत १०० युनिटं, त्याची टोपी नारिंगी. पेढ्याचं इन्सुलिन शंभराचं. एकदा दुकानदारानं मला औषध शंभराचं दिलं आणि सिरिंज लाल टोपीची. "चालतं हो, मांजराला काय कळतंय?" मांजराला कळत नाही, पण त्या सिरिंजवर एकच्या रेघेपर्यंत औषध ओढलं असतं तर त्याच्या अंगात अडीच युनिटं गेली असती. कॉमर्सच्या पदवीधराचा समाजाला काही उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. शंभर भागिले चाळीस आम्हांला पटकन येतं.

आता विरोधी पक्षाकडे वळतो.

आक्षेप पहिला, वर सांगितलेलाच: इथे माणसांना मिळत नाही. यात तथ्य आहे, म्हणून यालाच आधी उत्तर. १९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. हेतू हा की ते सर्वांना मिळावं. शंभर वर्षं उलटली तरी ते सर्वांना मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. पण ती लाज पेढ्यानं का बाळगावी? त्यानं कोणाच्या तोंडचं औषध काढून घेतलं? ज्यांच्यापाशी ही तक्रार न्यायला हवी ती माणसं फार मोठी आहेत, त्यांच्या दारात आपल्याला कोणी उभं करत नाही. म्हणून आपण ती तक्रार मांजरावर दाखल करतो. आमच्या हेडकॅशियरांनी गेल्याच महिन्यात गाडीला चकचकीत नवी चाकं बसवली. त्या पैशांत पेढ्याचं दीड वर्ष निघालं असतं. चाकं बघताना मात्र कोणाला गरिबांची आठवण झाली नाही. सगळ्यांनी वाकून वाकून चाकं पाहिली आणि पेढे मागितले.

आक्षेप दुसरा: ही सगळी हल्लीची फॅडं आहेत. हे म्हणणाऱ्यांनी परळला एक चक्कर टाकावी. ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते ते १८८० च्या दशकात उभं राहिलं, आणि १८८६ साली तिथेच जनावरांच्या वैद्यकाचं कॉलेजही सुरू झालं. हॉस्पिटलचं मूळ नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्यावरून आहे. मधुमेही बोका पाळणाऱ्या माणसाला 'साकरबाई' हे नाव वाचून काय वाटतं ते सोडा. मुद्दा असा, की प्लेगच्या आधीपासून या शहराला हे समजत होतं की जे जनावर आपलं ओझं ओढतं त्याचं दुखणंही आपल्याकडेच लागतं. आजारी घोड्याला औषध ही रीत आणि आजारी बोक्याला औषध हे फॅड, असं असेल तर फरक एवढाच की घोडा टांगा ओढत होता. म्हणजे औषध घोड्याला नव्हतं, टांग्याला होतं!

पेढ्या काय ओढतो, असं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला एकदा विचारलंच. रोज संध्याकाळी कॅश जुळवून, मेट्रोत चेपून, लोकलमध्ये शिव्या खाऊन मी दार उघडतो तेव्हा माझ्यातला जो भाग दाराबाहेरच राहू पाहत असतो, त्याला तो आत ओढतो. पण हे मी काकांना सांगितलं नाही. सोसायटीच्या जिन्यात असलं काही बोलता येत नाही.

आक्षेप तिसरा, याच काकांचा: "मासळी बाजारात नेऊन सोडा. खाऊन पिऊन मजेत राहील." काका, ज्या बोक्यानं सात वर्षांत पाल मारलेली नाही, ज्याला टाचा टेकवत चालावं लागतं, तो बाजारातल्या बोक्यांसमोर किती दिवस मजेत राहील? पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा जागी टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला, दहा ते पन्नास रुपये. काका हे ऐकून म्हणाले, "एवढाच ना!" आणि पाकिटाकडे हात नेला. कायदा करणाऱ्यांनी माणसाची परीक्षा बरोबर केली होती, फक्त फी कमी ठेवली.

आक्षेप चौथा असा: "झोपवून टाका. बिचाऱ्याचे हाल कशाला?" हा आक्षेप सगळ्यांत सभ्य, आणि खरंच हाल असतील, वेदना थांबत नसतील, तर तो योग्यही आहे. पण मंडळी, हाल कोणाचे याची नीट चौकशी करा. पेढ्या इंजेक्शनच्या वेळी मासळी खात असतो. सुई कधी गेली हे त्याला कळतही नाही. घाटकोपरच्या पुलावर धावतो तो मी. 'बिचाऱ्याचे हाल' म्हणताना पुष्कळदा आपल्या नजरेसमोर तो बिचारा नसतोच, आपण असतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण हा चौथा आक्षेप घेणारा पहिला माणूस मीच होतो.

निदान झालं त्या रात्री मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. इन्सुलिन, सिरिंजा, पट्ट्या, ओलं खाणं, डॉक्टर. महिन्याची बेरीज तीन हजार सातशे. खाली कन्येच्या क्लासची फी, घराचा हप्ता. बेरजेखाली दोन रेघा मारल्या आणि त्या दोन रेघांखाली माझ्या मनात तो विचार आला. खोटं कशाला बोलू? मी डॉक्टरांना उद्या काय सांगायचं त्याचं वाक्यसुद्धा तयार केलं होतं. वाक्यात 'बिचाऱ्याचे हाल' हे शब्द होते.

आई पाणी प्यायला उठली. तिनं कागद पाहिला. काही बोलली नाही. आत गेली, फडताळातून एक जुना ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. आत काचेची सिरिंज आणि दोन जाड सुया.

माझे वडील मधुमेही होते. माझ्या लहानपणी रोज सकाळी आई ती सिरिंज आणि सुई एका वेगळ्या पातेल्यात उकळत असे. त्या पातेल्यात चुकून कोणी चहा ठेवला तर घरात गहजब होई. सिरिंज निवली की आई वडिलांच्या दंडावर इंजेक्शन देई आणि मग ते गाडी पकडायला धावत. मुंग्यांचं ज्ञान आईला तिथून मिळालेलं.

वडील कट्टर शाकाहारी. अंड्याच्या केकचा वास आला तर खोली सोडणारे. आणि त्या काळात बाजारात सर्रास मिळणारं इन्सुलिन बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ साली मंजुरी मिळाली. ते आमच्या फडताळात पोचायला बरीच वर्षं जायची होती. वडिलांनी बाटलीवरची बारीक अक्षरं कधी वाचली नाहीत.

"मी वाचली होती," आई म्हणाली.

"मग सांगितलं नाहीस कधी?"

"सांगून काय करायचं होतं? गाडीची वेळ व्हायची ना रे त्यांच्या." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "किती मुक्या जिवांवर जगले तुझे बाबा, मोजलंय का कधी? आता एक त्यातला दारात आलाय, तर तू कागद घेऊन बसलास."

मी कागदाकडे पाहिलं. मंडळी, बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला ज्या चुकीबद्दल नापास करतात ती चूक मी केली होती. जे देणं होतं ते मी खर्चाच्या बाजूला लिहिलं होतं. खर्च परवडला नाही तर माणूस कमी करतो. देणं परवडलं नाही तरी कमी होत नाही.

आणि हे देणं एकट्या आमच्या घराचं नाही. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी ज्यांच्यावर प्रयोग केले ते कुत्रे होते. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या ज्या मुलाला, लिओनार्ड थॉम्प्सनला, पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, ते बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. पुढे साठ वर्षं जगातला जवळजवळ प्रत्येक इन्सुलिनवर जगणारा माणूस कत्तलखान्यातल्या जनावरांच्या उधारीवर जगला. इन्सुलिनचा रेणू म्हणजे ५१ अमिनो आम्लांची माळ. त्यात बैलाच्या माळेत आणि मांजराच्या माळेत एका मण्याचा फरक. शंभर वर्षं आपण त्यांच्या खात्यातून काढतो आहोत. कधी भरलं? आणि आज त्यांच्यातला एक, ज्याला आपणच कोंडला, आपणच फुगवला, तो दिवसाला दोन युनिटं मागतो, तर आपण म्हणतो, लाड आहेत! माझ्या काउंटरवर असा कर्जदार आला असता तर मी त्याला नोटीस काढली असती.

इथे लेख संपवला असता तर माझी फार शोभा झाली असती. पण देण्याची गोष्ट काढली आहे तर माझ्या नावावरची एक नोंदही दाखवली पाहिजे.

यंदाच्या जुलैमधली गोष्ट. पावसानं गाडी कुर्ल्याच्या पुढे... माफ करा, मेट्रो सोडून मी घाटकोपरला आलो तर कुर्ल्याला पाणी म्हणून गाड्याच येईनात. फोनची बॅटरी संपलेली. रिक्षा, पायी, पुन्हा रिक्षा असं करत पावणेनऊला घरी. दार उघडलं तर घरात कोणी नाही, सौ. ठाण्यालाच अडकलेली, कन्या मैत्रिणीकडे, आई खाली हरिपाठाला. पेढ्या फ्रीजसमोर. मी ओल्या कपड्यांतच सिरिंज भरली, ताटली ठेवली, टोचलं. सव्वा तास उशिरा का होईना, कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात चहा टाकला.

नऊला आई वर आली. "जेवला का रे तो? साडेसातला दिलं तेव्हा नीट खाल्लं नव्हतं त्यानं."

"काय दिलंस साडेसातला?"

"इंजेक्शन. तुझा पत्ता नाही, मग काय करणार? हात कापतो, पण डावा. टोचायचं उजव्यानं असतं."

बँकेत शंभर रुपयांचं व्हाउचरसुद्धा एकजण नोंदवतो आणि दुसरा तपासून मंजूर करतो. मेकर आणि चेकर. वीस वर्षं मी हे करतो आहे, नवीन पोरांना शिकवतो आहे. आणि घरी, जिथे एका नोंदीवर एक जीव टांगलेला, तिथे साधं रजिस्टर नाही! दुहेरी नोंदीची पद्धत मी जन्मभर वापरली. तिचा असा अर्थ कधी लागला नव्हता.

डॉक्टरांना सौ.च्या वहीतल्या नंबरवर फोन लावला. ते म्हणाले, खायला देत राहा, तासातासाला साखर मोजा, मध जवळ ठेवा; झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तसाच उचलून आणा. अकराला १०४. बाराला ७९. दीडला ५२, आणि पेढ्या उठून उभा राहायला गेला तो दारुड्यासारखा झुकला. आईनं त्याचं तोंड धरलं आणि मी बोटानं त्याच्या हिरड्यांना मध चोळला. त्याला गोड कळत नाही हे मला माहीत होतं. त्या रात्री मला फार वाटलं, की कळायला हवं होतं. दोनला ६१. साडेतीनला ९८. पाचला १४० आणि ताटली चाटून पुसून साफ. आई तेव्हा जमिनीवरच भिंतीला टेकून झोपली होती, आणि तिचा कापणारा डावा हात त्याच्या पाठीवर होता.

सकाळचं इंजेक्शन डॉक्टरांनी द्यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि एक नियमही सांगितला. दिलं की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका. एक चुकलं तर साखर चढेल. एक जास्त झालं तर जीव जाऊ शकतो. हा नियम मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये माझे डोळे बघून हेडकॅशियरांनी चौकशी केली, आणि कारण ऐकून म्हणाले, "मांजरासाठी रात्र जागलास? कमाल आहे." मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत होतं, पण झोपही येत होती.

आता फ्रीजवर एक वही टांगली आहे. तारीख, वेळ, युनिट, साखर, मेकर, चेकर. आईची सही चेकरच्या रकान्यात असते. थरथरते, पण बँकेत मी जेवढ्या सह्या पास करतो त्यांतल्या कुठल्याही सहीपेक्षा पक्की. माझा मेकरचा रकाना भरल्याशिवाय ती सही करत नाही, आणि तिची सही झाल्याशिवाय मला चहा मिळत नाही. पेढ्याचं वजन पुन्हा थोडं भरलं आहे. टाचा उचलून चालू लागला आहे. पुढेमागे त्याचं इन्सुलिन सुटेल किंवा सुटणारही नाही. देण्याला मुदत घातलेली नाही.

तिसऱ्या पायरीवरच्या मंडळींना माझी एकच विनंती आहे. मांजर पाळा असं मी म्हणत नाही. पाळू नका, हजार वेळा विचार करा, हेच उत्तम. पण पाळलेल्याला उपदेश करायचाच असेल तर तो घाटकोपरच्या पुलावर, संध्याकाळी सहा पन्नासला करू नका. तिथे एक पोट सुटलेला कारकून, खांद्याला डब्याची पिशवी लावून धावताना दिसला तर फक्त बाजूला व्हा. खर्च मी नंतर सांगीन.

आता उठतो. सात सत्तावीस झाले. पेढ्या फ्रीजसमोर येऊन बसला आहे आणि आई चष्मा शोधते आहे.